अंगावरचं, हातातलं आणि नावावरचं

लोणावळ्यात पाऊस ओसरला की बंगल्यांच्या आवारांत प्रदर्शनं भरू लागतात. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याहून आलेली माणसं चिक्की घेतात, मगनलालच्या नाहीतर दुसऱ्या कुणाच्या दुकानातली गर्दी सोसतात आणि मग 'काहीतरी वेगळं' बघायला या प्रदर्शनांकडे वळतात. मागच्या दिवाळीआधी आमच्या बचत गटातल्या सहाजणींना घेऊन मी अशाच एका प्रदर्शनाला गेले. काही घ्यायला नव्हे. आपण घरी बसून केलेला माल पुढे कुठे जातो, कसा विकला जातो, ते एकदा डोळ्यांनी बघावं म्हणून.

एका टेबलावर डाळिंबाच्या आकाराची पदकं होती. नाण्यांसारख्या चकत्या लावलेल्या कपाळपट्ट्या होत्या, रुंद कंबरपट्टे होते, सुईने विणलेल्या जाळीची कानातली होती. वर पाटी होती : 'आर्मेनियन परंपरेतून स्फुरलेले, हाताने घडवलेले दागिने'. आमच्यातल्या एकीने एक माळ उचलली, उलटी केली, मागची गाठ बोटाने चाचपली आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, ही माझी गाठ हाय. ही माळ मीच गाठवलीय." किमतीची चिठ्ठी होती चौदाशे रुपयांची. तिला त्या माळेचे मिळाले होते चाळीस.

टेबलामागच्या बाई वाईट नव्हत्या. त्या एका गिऱ्हाइकाला मनापासून सांगत होत्या, की ही फार जुनी कला आहे, बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली आहे. कुठल्या बायकांनी, हे गिऱ्हाइकाने विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. आम्ही पुढे झालो नाही. आमच्या बायकांना लाज वाटली. आपल्याच मालापुढे उभं राहायची लाज! परतीच्या लोकलमध्ये मळवली येईपर्यंत कुणी फारसं बोललं नाही. उतरताना ती गाठवाली म्हणाली, "पर ताई, आर्मेनिया कुठं आलं वो?"

मला नीटसं सांगता आलं नाही. घरी येऊन वाचलं. वाचता वाचता लक्षात आलं, की तिचा प्रश्न भूगोलाचा राहिलेला नाही. दागिना कुणाचा, तो घडवणारी कोण आणि तो देऊन तिच्याकडून काय काढून घेतलं जातं, हे तीनही प्रश्न त्या देशाच्या बायकांनी भोगलेले आहेत आणि आमच्या मावळातल्या बायकाही भोगताहेत. म्हणून हा लेख.

आर्मेनिया कुठं आहे?

काळ्या समुद्राच्या आणि कॅस्पियन समुद्राच्या मधल्या डोंगराळ भागातला हा छोटा देश. तुर्कस्तान, जॉर्जिया, अझरबैजान आणि इराण हे त्याचे शेजारी. क्षेत्रफळ जेमतेम दोन पुणे जिल्ह्यांएवढं. आपल्याला तो दूरचा वाटतो, पण तिथले व्यापारी काही शतकांपूर्वी सुरतेत आणि मुंबईत येऊन राहिले. जवाहीर, रेशीम, कापड हा त्यांचा धंदा. मुंबईच्या फोर्ट भागात १७९६ साली बांधलेलं आर्मेनियन चर्च आजही उभं आहे. म्हणजे आपल्याकडच्या बाजारपेठेत आर्मेनियन माणूस नवा नाही. नवी आहे ती पाटी.

त्या लोकांत लग्नाच्या मुलीला चांदीचा कंबरपट्टा, नाण्यांची कपाळपट्टी, बांगड्या, चांदीची बटणं देण्याची रीत होती. मुलगी लहानपणापासून स्वतःच्या हाताने जाळी विणायची, भरतकाम करायची आणि ते पेटीत साठवायची. डाळिंब हे तिथलं भरभराटीचं चिन्ह. आपल्याला यात परकं काय वाटावं? आपल्याकडेही पुतळ्यांची माळ नाण्यांचीच. पुतळी म्हणजे मुळात व्हेनिसहून व्यापारात आलेलं सोन्याचं नाणं. ते आपल्या बायकांच्या गळ्यात आलं आणि मराठमोळं झालं. तेव्हा 'परक्यांची नक्कल कशाला' असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. दागिन्याची नक्षी नेहमीच गावोगाव फिरत आलेली आहे. माझी तक्रार नक्षीबद्दल नाही.

१९१५ साली ऑटोमन सरकारने आर्मेनियन लोकांना त्यांच्या गावांतून हुसकून सिरियाच्या वाळवंटाकडे पायी हाकललं. पुरुषांना बहुतेक ठिकाणी आधीच वेगळं काढून मारलं होतं. चालणाऱ्यांत बायका, मुलं आणि म्हातारी माणसं होती. त्या काळात दहा लाखांवर आर्मेनियन मारले गेले, असं बहुतेक इतिहासकार मानतात. तुर्कस्तानचं सरकार त्याला वंशसंहार म्हणायला आजही तयार नाही. निघताना बायकांनी नाणी आणि दागिने कपड्यांच्या शिवणीत शिवून घेतले होते. संकटात बाईजवळ उरतं ते अंगावरचं सोनं, असं त्यांच्याही आयांनी त्यांना सांगितलं असणार. वाटेत ते सोनं लुटलं गेलं. अंगावर सोनं आहे, या संशयाने त्यांची अंगं चाचपली गेली. बायका पळवल्या गेल्या, विकल्या गेल्या. जो दागिना आधार म्हणून शिवला होता, तोच जिवावरचा धोका ठरला.

जगल्या वाचल्या त्यांच्याजवळ उरलं हातातलं. अलेप्पो, बैरुत इथल्या छावण्यांत आणि अनाथाश्रमांत त्यांनी जाळ्या विणल्या, भरतकाम केलं, गालिचे विणले. परदेशी मदतसंस्थांनी तो माल अमेरिकेत विकला. हे काम नसतं तर त्या उपाशी मेल्या असत्या, हे खरंच आहे. पण एक गोष्ट सांगते. लेबनॉनमधल्या गझीर गावच्या अनाथाश्रमात चारशे आर्मेनियन मुलींनी अठरा महिने खपून एक मोठा गालिचा विणला. त्याच्यात चाळीस लाखांवर गाठी आहेत. १९२५ साली तो अमेरिकेचे अध्यक्ष कूलिज यांना भेट दिला गेला. आज त्या गालिच्याबद्दल कुठेही लिहून आलं की अध्यक्षांचं नाव येतं, व्हाइट हाउसचं नाव येतं. चाळीस लाख गाठी मारणाऱ्या चारशे मुलींपैकी किती जणींची नावं आपल्यापर्यंत पोचली?

आणि हेही आपल्या वाचक-मैत्रिणींना कळलं पाहिजे, की या बायका फक्त विणत आणि रडत बसल्या नव्हत्या. इस्तंबूलमध्ये हायगानुश मार्क नावाच्या बाईने १९१९ साली 'हाय गिन' म्हणजे 'आर्मेनियन स्त्री' नावाचं पाक्षिक सुरू केलं आणि ते १९३३पर्यंत चालवलं. स्वतःला ती उघडपणे स्त्रीवादी म्हणवून घ्यायची. आपण जसा हा अंक काढतो, तसाच अंक, एवढ्या विध्वंसानंतर चारच वर्षांनी! प्रदर्शनातल्या पाटीवर 'आर्मेनियन परंपरा' असते, तेव्हा त्या परंपरेत हायगानुशही येते, हे कुणी सांगत नाही. सप्टेंबर २०२३मध्ये नागोर्नो-काराबाखमधून एक लाखावर आर्मेनियन माणसं काही दिवसांत घरं सोडून निघाली. तेव्हाही बायकांनी पिशवीत काय घेतलं असेल, ते आपण ओळखू शकतो.

अंगावरचं

आता आपल्याकडे येऊ. कार्ल्याला एकवीरा आईच्या दर्शनाला जाणाऱ्या बाया शेजारच्या लेण्यात डोकावतात. चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर स्त्री-पुरुषांच्या जोड्या कोरलेल्या आहेत. जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या. त्या बायांच्या पायांत जड तोडे, हातांत ओळीने बांगड्या, कमरेला मेखला, कानांत मोठाली कुंडलं. आमच्या शिबिरातल्या मुली त्यांच्याकडे बघून हसतात, 'बाई, केवढं ओझं!' म्हणतात. पण त्याच लेण्यात दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत आणि त्यांत भिक्षुणींचीही नावं आहेत. मला नेहमी वाटतं, की मार्गदर्शकाने दागिने दाखवून झाल्यावर ती नावंही दाखवावीत. एक बाई दगडात दागिन्यांमुळे उरली, दुसरी स्वतःच्या नावाने.

दागिना सगळ्याच बायकांना सारखा मिळाला नाही. कुणी सोनं घालायचं, कुणी चांदी, कुणी कथलाची वाळी, हे जातीने ठरवलेलं होतं. म्हणून १९२७च्या डिसेंबरात महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या बायांना सांगितलं, की ज्या दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते ते टाकून द्या आणि लुगडं नेसायची रीतही बदला. बायांनी ते ऐकलं आणि केलं. शहरातल्या आपल्या चळवळीने पुढे सत्तर-ऐंशीच्या दशकांत मंगळसूत्रावर पुष्कळ वाद घातले. पण दागिना हे गुलामीचं चिन्ह असू शकतं, हे त्याच्या कितीतरी आधी महाडच्या बायांनी अंगावरून उतरवून दाखवलं होतं. ही आठवण आपण ठेवली पाहिजे.

आणि दागिना 'बाईचा' म्हणावा, तर तो नवऱ्याच्या श्वासाला बांधलेला. नवरा गेला की बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची, डोरलं तोडायचं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये या विधवा प्रथेविरुद्ध ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. आमच्या भागात काही बाया आता जोडवी काढत नाहीत. पण दहाव्याच्या दिवशी कुणी जाऊन त्या बाईशेजारी उभं राहिलं नाही, तर ठराव कागदावरच राहतो, असा अनुभव आहे.

कायदा मात्र याबाबतीत स्पष्ट आहे. माहेरून, सासरहून, कुणाकडूनही बाईला मिळालेलं स्त्रीधन हे तिचं एकटीचं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं, की नवऱ्याकडे किंवा सासऱ्याकडे दागिने ठेवायला दिले म्हणून ते त्यांचे होत नाहीत. ते परत न देणं हा फौजदारी विश्वासघात आहे. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने स्त्रीधन अडवून ठेवणं हा आर्थिक छळ मानला. एप्रिल २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बजावलं, की स्त्रीधनावर नवऱ्याचा कसलाही ताबा नाही. अडचणीत त्याने ते वापरलं, तर परत करण्याची जबाबदारी त्याची.

प्रत्यक्षात काय होतं? बी-बियाणं, मुलाची फी, दवाखाना, दिराची गाडी, काहीही निघालं की पहिलं अंगावरचं उतरतं. सोनं तारण ठेवायला जातो नवरा, पावती निघते नवऱ्याच्या नावावर. दागिना बाईचा होता, याचा एकही कागद बाईजवळ नसतो. आमच्या गटात आम्ही विचारलं, दागिन्याचं बिल कुणाकुणाच्या नावावर आहे? बावीस जणींत दोघींच्या. बाकीच्यांना बिल कुठे आहे, हेही सांगता आलं नाही.

हातातलं

घडवणारीचं काय? आपल्याकडे भट्टीपुढे, ऐरणीपुढे बसला तो सोनार, म्हणजे पुरुष. दुकानावर नाव त्याचं आणि त्याच्या मुलांचं. बायकांकडे येतं ते ओवणं, गाठवणं, कड्या जोडणं, पुसणं, डबीत भरणं. हुपरीच्या चांदीच्या पैंजणांचं नाव देशभर आहे. त्या पैंजणांच्या कड्या जोडायला घराघरांतल्या बायांचे हात लागतात. पण कारागीर कोण असं विचारलं, तर बाई स्वतःच म्हणते, 'मी नाही बाई, मालक करतात. मी आपली हातभार लावते.'

हा 'हातभार' शब्द आपल्या चळवळीने कायमचा मोडीत काढला पाहिजे. आमच्या गाठवणाऱ्या बाईचा दिवस बघा. पहाटे पाणी, स्वयंपाक, मग भातलावणी-कापणीच्या दिवसांत शेत, नाहीतर तळेगावच्या फुलांच्या हरितगृहांत रोजगार. संध्याकाळी सात-आठला माळेचं काम घेऊन ती दिव्याखाली बसते. दिव्याचं बिल तिचं, सुई-दोरा तिचा, जागा तिची. मणी कमी भरले तर कापून घेतात. माळ नापास झाली तर पैसे नाहीत. थोरली मुलगी अभ्यास सोडून मणी रंगावारी लावून देते, तिचा तर हिशेबच नाही. चाळीस रुपयांची एक माळ व्हायला दीड-दोन तास जातात. म्हणजे शेतमजुरीच्या रोजाइतकीसुद्धा ही कमाई होत नाही. आणि वर ऐकावं लागतं, 'घरबसल्या पैसे मिळतात की!'

घरबसल्या काम करणाऱ्या मजुरांना इतर कामगारांसारखंच वागवावं, असा आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा करार १९९६ साली झाला. त्यासाठी आपल्या देशातल्या बायकांच्या संघटनांनीच फार झटून प्रयत्न केले होते. तरीही भारताने त्या करारावर मान्यतेची मोहोर उमटवलेली नाही.

आता त्या पाटीकडे परत येऊ. 'परंपरेतून स्फुरलेले, हाताने घडवलेले.' ज्यांची परंपरा त्या आर्मेनियन बायकांना यातून काही मिळत नाही. त्यांच्यावर काय ओढवलं, तेही गिऱ्हाइकाला कळत नाही. आणि ज्यांच्या हाताने घडवलं त्या मावळातल्या बायकांचं नाव नाही की गाव नाही. दोन्ही टोकांच्या बायका पाटीवरून गेल्या. मधे उरला तो विकणारा. गिऱ्हाईक चौदाशे रुपये मोजतं ते 'हाताने घडवलेलं' या शब्दासाठी. पण तो हात मात्र कुणाला दाखवायचा नसतो.

काही मैत्रिणी म्हणतात, असली कामं गटांनी घ्यावीतच कशाला? बायकांना पुन्हा मणी-माळांतच अडकवायचं का? त्यांचं म्हणणं मला समजतं. पण कामाला बायकी म्हणून हलकं लेखणं ही खोड आधी पुरुषांची आहे, आपण ती उचलू नये. गाठवणं ही विद्या आहे. शंभर मण्यांचं वजन तोलून धरणारी, न सुटणारी आणि डोळ्यांना न दिसणारी गाठ मारून बघा म्हणजे कळेल. त्या बाईने अंधुक उजेडात, शेकडो माळांतून आपली गाठ ओळखली. चित्रकार सही ओळखतो तशी. प्रश्न विद्येच्या दराचा आणि नावाचा आहे.

नावावरचं

आणि आता मूळ दुखण्याकडे येते.

मावळातली जमीन गेली शंभर-सव्वाशे वर्षं कुणाकुणाला लागतच आली आहे. लोणावळ्याच्या आसपास टाटांची धरणं झाली. शेजारच्या मुळशीत १९२१ ते १९२४ सत्याग्रह झाला, बायाही त्यात उतरल्या, तरी धरण झालंच. सत्तरच्या दशकात पवना धरण आलं. २००२ साली द्रुतगती महामार्ग पुरा झाला. पवनेचं पाणी बंद नळातून पिंपरी-चिंचवडला न्यायला विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी बौरला महामार्गावर गोळीबार झाला. तिघांचा जीव गेला, त्यांत एक बाई होती. जमिनीसाठी आणि पाण्यासाठी रस्त्यावर यायला बाई चालते. सात-बाराच्या उताऱ्यावर मात्र चालत नाही.

महामार्ग झाल्यावर बंगल्यांसाठी, फार्महाउससाठी, हॉटेलांसाठी जमिनींना भाव आला. ज्या डोंगरउताराला कुणी विचारत नव्हतं, तिथे गुंठ्यावर बोली लागू लागली. आणि त्याबरोबर एक नवीच रीत आली. वर्षानुवर्षं ज्या बहिणींना दिवाळीच्या साडीपलीकडे कुणी विचारलं नव्हतं, त्यांना घ्यायला मोटारी जाऊ लागल्या. वडगावला नोंदणी कार्यालयात न्यायचं, हक्कसोडपत्रावर सही नाहीतर अंगठा घ्यायचा, परत येताना हॉटेलात जेवण आणि हातात एक डबी. डबीत ठुशी, नाहीतर बोरमाळ, नाहीतर झुबे.

ती गाठवाली बाई अशीच गेली होती. तिची गोष्ट तिच्या परवानगीने लिहिते. ती सांगते, "भाऊ म्हणला, अक्का, एक सही पायजे. तुला दोन तोळ्याची ठुशी करतो. मी म्हणलं, मला ठुशी नको, तू येत जा म्हणजे झालं. त्यानं ठुशी बी दिली." कागदावर काय लिहिलं आहे, ते कुणी तिला वाचून दाखवलं नाही. तिच्या वाट्याची जमीन पुढे किती लाखांना गेली, ते तिला गावातल्या लोकांकडून कळलं. दोन वर्षांनी नवऱ्याच्या आजारपणात ठुशी तारण गेली आणि सुटली नाही. "ठुशी मोडली, वावर इकलं, भाऊ बी आता येत न्हाई. ह्ये हातातलं तेवढं राह्यलं बघा," असं ती म्हणाली आणि पुन्हा माळ ओवायला लागली.

ती हे काही कुणाला ऐकवायला म्हणाली नव्हती. पण दागिना देऊन बाईचा वाटा कसा सोडवून घेतला जातो, ते याहून सरळ मला सांगता येणार नाही.

कायदा काय म्हणतो, ते प्रत्येक गटात पाठ झालं पाहिजे. महाराष्ट्राने १९९४ साली वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मतः हक्क दिला. पण २२ जून १९९४च्या आधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. ९ सप्टेंबर २००५पासून देशभराच्या दुरुस्तीने ती अट गेली; लग्न केव्हाही झालेलं असो, मुलगी समान वाटेकरी झाली. ११ ऑगस्ट २०२०ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की त्या तारखेला वडील हयात असायला हवेत अशीही अट नाही. २० डिसेंबर २००४च्या आधी रीतसर झालेल्या वाटण्या आणि विक्री तेवढ्या मोडता येत नाहीत.

पण एक गोष्ट विसरू नका. हा हिंदू वारसा कायदा आहे आणि तो अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही. म्हणजे आमच्याच गटातल्या ठाकर आणि कातकरी बायांना यातलं काही सांगताना आपण गप्प होतो. त्यांच्या जमिनीचा, वनहक्काच्या दाव्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि तो आपण नेहमी 'नंतर बघू' म्हणून मागे ठेवत आलो आहोत. हे आपलंही चुकतं आहे.

'वाटा मागितला तर माहेर तुटतं,' असं प्रत्येक बैठकीत कुणीतरी म्हणतंच. म्हणणारी रडत असते, म्हणून उत्तर देताना जपून दिलं पाहिजे. सासरी मार खाणाऱ्या बाईला माहेरचा उंबरा हा शेवटचा आसरा असतो. तो गमवायची भीती खोटी नाही. पण मैत्रिणींनो, सही दिल्यावर तो उंबरा उघडा राहिला का, हे आपण आपल्या गावांत मोजून पाहू या. ज्यांनी सही दिली त्यांतल्या किती जणींना नंतर भावांनी आसरा दिला? आणि ज्यांच्या नावावर काही उरलं, त्यांच्याशी घरचे कसे वागतात? माझ्या पाहण्यात तरी नावावर गुंठाभर का होईना जमीन असलेल्या बाईला घरातून हाकलणं सोपं जात नाही.

नव्वदच्या सुमारास याच जिल्ह्यातल्या आंबेठाणहून शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम पुकारला होता. नवऱ्यांनी स्वखुशीने थोडी जमीन बायकांच्या नावावर करायची. अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी ते केलं. तेव्हा कोरडवाहू जमिनीला भाव नव्हता, म्हणून ते जमलं, असं काही जण म्हणतात. असेलही. मग आज भाव आहे तेव्हा बायकांनी आपण होऊन मागायचं, एवढाच त्याचा अर्थ.

आपण काय करायचं?

दागिने घालू नका, असं मी म्हणत नाही. मला स्वतःला बोरमाळ आवडते. गटांनी दागिन्यांचं काम घेऊ नये, असंही म्हणत नाही. आमच्या गटाने चर्चा करून काही गोष्टी ठरवल्या आहेत, त्या मांडते. तुम्हाला पटल्या तर घ्या, नाही पटल्या तर भांडा.

एक, अंगावरच्याबद्दल. प्रत्येकीने आपल्या दागिन्यांची यादी करायची, वजनासकट. फोटो काढायचा. नवीन घेताना बिल स्वतःच्या नावावर मागायचं. तारण ठेवायची वेळ आली, तर स्वतः जायचं आणि पावती स्वतःच्या नावावर घ्यायची. लग्नात मुलीला काय दिलं, त्याची यादी दोन्ही बाजूंच्या सह्यांनिशी करायची. यात अविश्वास नाही. बँकेत पैसे भरताना आपण पावती घेतोच ना?

दोन, हातातल्याबद्दल. काम घेण्याआधी एकीने घड्याळ लावून एक माळ करायची आणि तासावर दर काढायचा. त्या दिवशीच्या रोजापेक्षा कमी पडत असेल, तर एकीनेही काम घ्यायचं नाही. एकटी नाही म्हणाली तर माल शेजारच्या गावात जातो, म्हणून शेजारच्या गावाशी आधी बोलायचं. आणि मालासोबत चिठ्ठी जाईल : कुणी केलं, कुठल्या गावात केलं. नक्षी दुसऱ्या देशाची असेल, तर त्या देशाच्या बायकांविषयी दोन ओळी. आम्ही ही अट घातली, तेव्हा व्यापाऱ्याने दोन महिने काम दिलं नाही. ते दोन महिने कठीण गेले. चार जणी गटातून गेल्या, त्यांना मी दोष देत नाही. नंतर दर थोडा वाढला. चिठ्ठी अजून मान्य झालेली नाही, भांडण चालू आहे.

तीन, नावावरच्याबद्दल. सही किंवा अंगठा मागितला, की 'कागद गटात वाचून मग देते' एवढंच म्हणायचं. नाही म्हणायची ताकद प्रत्येकीत लगेच येत नाही, पण आठ दिवस मागून घेता येतात. सात-बारा आणि फेरफार काढून बघायचे. वारसनोंदीची किंवा फेरफाराची नोटीस आली, तर हरकत घ्यायला पंधरा दिवस असतात. ते जाऊ द्यायचे नाहीत. कारण हक्कसोडपत्र एकदा नोंदलं गेलं, की ते फसवून घेतलं हे कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात. आणि ज्या कार्यकर्त्या भाऊ-बहिणींनी स्वतःच्या बहिणींकडून सह्या घेतल्या आहेत, त्यांनी आधी आपल्या घरात बघावं. असे लोक आपल्यातही आहेत.

ती गाठवाली बाई सध्या तिच्या धाकट्या नणंदेबरोबर फिरते आहे. नणंदेला सही मागितली आहे आणि मागणारा आहे या बाईचाच नवरा! घरात रोज वाद आहे. "माझ्या भावानं माझं केलं, ते मी हिचं हू देनार न्हाई," असं तिने नवऱ्याला तोंडावर सांगितलं. तिच्या स्वतःच्या हातून जमीन जाईल ती वेगळीच. हा हिशेब तिला कळत नाही असं समजू नका, तो तिला आपल्यापेक्षा चांगला कळतो.

आर्मेनिया कुठं आहे, ते मी तिला नकाशात दाखवलं. गझीरच्या मुलींची गोष्टही सांगितली. ती बराच वेळ चाळीस लाख गाठींचा विचार करत होती. मग म्हणाली, "त्या पोरींस्नी पैसं किती दिलं आसतील वो?" मला माहीत नव्हतं. पण प्रश्न योग्य होता आणि तो प्रत्येक दागिन्यापुढे, प्रत्येक गटात विचारला जावा असं मला वाटतं. आपापल्या गावचे अनुभव वाचक-मैत्रिणींनी जरूर लिहून कळवावेत. विशेषतः ज्यांनी सही नाकारली, त्यांनी.